तुमच्याकडं याला काय म्हणतात?



मागच्या अंकात पासवर्डबद्दल लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले. बरं वाटलं. या वेळी संगणक थोडा बाजूला ठेवतो आणि भाषेबद्दल लिहितो. विषय सुरू झाला ऑफिसात, पण संपला जांबोटीत, आमच्या आईपाशी. म्हणून ऑफिसपासूनच सुरुवात करतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडं स्पेनमधल्या एका ग्राहकाचं काम आलं. मीटिंग इंग्रजीत व्हायच्या, पण कागदपत्रं, स्क्रीनवरचे मजकूर, ग्राहकांच्या तक्रारी, सगळं स्पॅनिशमध्ये. म्हटलं, शिकूया. पुण्यात संध्याकाळचा क्लास लावला. आमच्या बाई स्पेनमध्ये राहून आलेल्या, पुस्तकंही माद्रिदमध्ये छापलेली. सव्वा वर्षात मधल्या पातळीची परीक्षा पास झालो. घरी पेढे वाटले. स्पॅनिश जमलं, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

मग काम वाढलं आणि त्यात मेक्सिको आणि अर्जेंटिना हे दोन देश आले. ब्यूनस आयर्सच्या एका इंजिनिअरबरोबर पहिला कॉल होता. त्यानं स्वतःची ओळख करून दिली, "शो मे शामो..." मी शिकलो होतो "यो मे यामो", म्हणजे "माझं नाव अमुक". पुढची दहा मिनिटं तो बोलत होता आणि मी मान हलवत होतो. शेवटी त्यानं एक प्रश्न विचारला. प्रश्न आहे एवढं सुरावरून कळलं, काय विचारलं ते कळलं नाही. मी आपला "सी, सी" म्हणालो. नंतर कळलं की एक काम शुक्रवारपर्यंत करून देण्याचा शब्द मी देऊन बसलो होतो. ते काम करायला शनिवार-रविवार गेले.

त्या रात्री राग आला. स्वतःचा नाही, त्या माणसाचा. मनात म्हटलं, हा नीट का बोलत नाही? पुस्तकात आहे तसं बोलायला काय होतं याला? हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं त्यावर परत येतो.

स्पॅनिश म्हणजे कोणती?

आपल्याकडं 'कॅस्टिलियन' म्हणजे स्पेनची शुद्ध भाषा आणि बाकीच्या सगळ्या तिच्या बिघडलेल्या बोली, असा एक समज आहे. क्लासमध्ये तर हमखास ऐकायला मिळतो. कास्तिया हा स्पेनच्या मध्यभागातला प्रांत, तिथली बोली पुढं राज्याची भाषा झाली, एवढं खरं. पण 'कास्तेयानो' हा शब्द खुद्द स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेत संपूर्ण भाषेसाठी आला आहे, आणि अर्जेंटिनातले लोकही आपल्या भाषेला कास्तेयानोच म्हणतात. म्हणजे मी ज्याला "ही कास्तेयानो नाही" म्हणत होतो, तो स्वतःच्या भाषेला कास्तेयानो म्हणत होता.

आणि आकडा बघितला तर? स्पॅनिश मातृभाषा असलेले लोक जगात जवळजवळ पन्नास कोटी. त्यातला स्पेनमधला दहातला एकसुद्धा नीट भरत नाही. एकटा मेक्सिको स्पेनच्या दुपटीहून मोठा आहे.

आता फरक काय काय ते सांगतो. कुणाची मुलं ही भाषा शिकत असतील तर उपयोग होईल.

पहिला फरक 'थ'चा. माद्रिदमध्ये 'झेड' अक्षर, आणि 'ई' किंवा 'आय'च्या आधी आलेलं 'सी', यांचा उच्चार जीभ दातांमध्ये धरून करतात, इंग्रजी 'थिंक'मधल्या 'थ'सारखा. लॅटिन अमेरिकेत तिथं सरळ 'स'. 'कासा' म्हणजे घर आणि 'काथा' म्हणजे शिकार. माद्रिदमध्ये हे दोन वेगळे उच्चार आहेत, मेक्सिकोत दोन्ही 'कासा'. स्पेनचा एक राजा बोबडा होता, त्याची नक्कल करताना दरबार 'थ' म्हणू लागला, अशी एक गोष्ट सांगतात. ती खोटी आहे. राजा बोबडा असता तर 'कासा'चंही 'काथा' झालं असतं. ते तर झालेलं नाही.

मग अमेरिकेत 'थ' का नाही? समुद्रापार जाणाऱ्या जहाजांचा मोठा व्यवहार दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल शहरातून चालायचा. गेलेल्यांत दक्षिणेचे लोक भरपूर होते आणि दक्षिणेकडं मोठ्या भागात 'थ' आणि 'स' वेगळे ठेवत नव्हते. म्हणजे मेक्सिकोच्या माणसानं काही बिघडवलं नाही. त्याच्याकडं पोचलेली भाषाच तशी होती.

दुसरा फरक 'य'चा. रस्त्याला स्पेन आणि मेक्सिकोत 'काये', ब्यूनस आयर्समध्ये 'काशे'. माझा 'शो मे शामो' तिथलाच.

तिसरा फरक शब्दाच्या शेवटच्या 'स'चा. दक्षिण स्पेन, क्यूबा, चिले अशा ठिकाणी तो 'ह' होतो किंवा गळूनच जातो. 'लोस आमीगोस' म्हणजे मित्रमंडळी, ते 'लोह आमीगोह' असं ऐकू येतं.

चौथा फरक संबोधनाचा, आणि सगळ्यात घोटाळा इथंच होतो. स्पेन आणि मेक्सिकोत 'तू'ला 'तू'च म्हणतात, आपल्यासारखं. अर्जेंटिनात 'वोस' म्हणतात आणि क्रियापदही बदलतं. 'तू तिएनेस' म्हणजे 'तुझ्याकडं आहे', तिकडं ते 'वोस तेनेस' होतं, जोर शेवटच्या अक्षरावर. अनेकांना मिळून बोलायचं झालं तर स्पेनमध्ये दोस्तांना 'वोसोत्रोस' आणि मोठ्या माणसांना 'उस्तेदेस'. लॅटिन अमेरिकेत सगळ्यांनाच 'उस्तेदेस'. आणि कोलंबियाच्या डोंगराळ भागात तर घरातल्या माणसालाही आदरार्थी 'उस्तेद' म्हणणारे लोक आहेत.

काजू, बटाटा आणि बालदी

शब्दांची तर मजाच आहे. संगणकाला स्पेनमध्ये 'ओर्देनादोर', मेक्सिकोत 'कोम्पुतादोरा', कोलंबियात 'कोम्पुतादोर'. स्पेनमध्ये 'तोर्तिया' म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, मेक्सिकोत मक्याची चपातीसारखी भाकरी.

माझी फजिती झाली ती 'कोहेर' या शब्दानं. स्पेनमध्ये याचा अर्थ 'घेणं', दिवसातून पन्नास वेळा वापरतात. मी अर्जेंटिनाच्या मंडळींना मोठ्या उत्साहानं सांगितलं की ही फाइल मी कोहेर करतो. तिकडं शांतता, मग हसण्याचा स्फोट. तिथं या शब्दाला जो अर्थ आहे तो घरगुती मासिकात लिहिता येणार नाही.

मेक्सिकोचा 'आओरीता' असाच. 'आओरा' म्हणजे आत्ता, 'आओरीता' म्हणजे आत्ताच्या आत्ता, असं मी धरून चाललो. तिकडच्या सहकाऱ्यानं रात्री नऊला सांगितलं की फाइल आओरीता चढवतो. तिकडं सकाळचे साडेनऊ. मी बारापर्यंत जागा. मेक्सिकन 'आओरीता' म्हणजे आत्ता, थोड्या वेळानं किंवा कधीच नाही, यातलं काहीही. खरं तर मला हे कळायला हवं होतं. आमच्याकडं "हे काय, आत्ता येतो" म्हणून गेलेला माणूस कधी परत येतो ते आम्हाला ठाऊक आहे.

पण काही शब्दांनी मला घरी आणून सोडलं. बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जाणारा रस्ता आमच्या जांबोटीवरून जातो. कणकुंबी ओलांडली, घाट उतरला की गोवा. त्या वाटेनं फक्त गाड्या आल्या नाहीत, शब्दही आले. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला आणि नावही त्यांच्याबरोबर आलं. त्याच काजूला अर्जेंटिनात 'कास्तान्या दे काहू' म्हणतात, स्पेनमध्ये 'आनाकार्दो', आणि मेक्सिकोत चक्क 'नुएस दे ला इंदिया', म्हणजे भारताचं कवचफळ! आपण ज्याला तिकडून आलेलं म्हणतो, त्याला ते इकडचं म्हणतात.

अननस अर्जेंटिनात 'आनाना', स्पेनमध्ये 'पीन्या'. बालदी अर्जेंटिनात 'बाल्दे', मेक्सिकोत 'कुबेता', स्पेनमध्ये 'कूबो'. अर्जेंटिनात 'बाताता' मागितला तर रताळं मिळेल. बटाट्याला तिथं 'पापा' म्हणतात. आणि 'पागार' म्हणजे पैसे देणं. आपला महिन्याचा पगार पोर्तुगीजांकडून त्याच शब्दातून आला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी असल्यामुळं आमच्या स्वयंपाकघरातले निम्मे शब्द मला फुकटात मिळाले.

मग शिकायचं कसं?

मी जे केलं ते सांगतो. तज्ज्ञ नाही, पण माझं काम भागलं.

एक, बोलायला एकच बोली धरली. मी स्पेनचीच ठेवली, कारण जिभेला सवय झाली होती. अर्धी इकडची अर्धी तिकडची करत बसलो नाही. ऐकायला मात्र सगळ्या.

दोन, एक महिना एकच देश. महिनाभर फक्त अर्जेंटिनाचा रेडिओ, मग महिनाभर मेक्सिको. सगळं एकदम ऐकलं तर कानाला काहीच चिकटत नाही.

तीन, स्वरांना धरून राहायचं. स्पॅनिशमध्ये आ, ए, ई, ओ, ऊ हे पाच स्वर जवळपास सगळीकडं जागेवर असतात. हलतात ती व्यंजनं. 'काये' असो की 'काशे', आ आणि ए तिथंच आहेत.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कळलं नाही तर मान हलवायची नाही. विचारायचं, "कोमो ले दीसेन उस्तेदेस?" म्हणजे "तुमच्याकडं याला काय म्हणतात?" या एका प्रश्नावर समोरचा माणूस खूश होतो, सावकाश बोलतो, आणि स्वतःच आणखी दोन शब्द सांगतो. ज्या इंजिनिअरवर मी चिडलो होतो, त्याच्याशी माझी दोस्ती या प्रश्नानंच झाली.

त्यानं एकदा विचारलं, "तुम्ही आमच्या 'वोस'ला चूक मानता का?" मी थोडं वाचलं. 'वोस'ची कथा मोठी आहे. काराकासमध्ये जन्मलेले आंद्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये चिलेत राहून अमेरिकेतल्या लोकांसाठी स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं. अमेरिकेच्या शब्दांची बाजू घेणारा माणूस, पण 'वोस' त्यांनाही खटकत होता. अर्जेंटिनातही शाळांमधून मुलांना 'तू' म्हणायला शिकवत आणि मुलं मधल्या सुट्टीत 'वोस' म्हणत. अखेर १९८२ मध्ये तिथल्या भाषा अकादमीनं 'वोस'ला मान्यता दिली. स्पेनची राजेशाही भाषा अकादमी १७१३ सालची. आज ती एकटी निर्णय देत नाही. २००९ चं मोठं व्याकरण तिनं सगळ्या स्पॅनिश देशांच्या अकादम्यांबरोबर मिळून काढलं. सिएले नावाची एक परीक्षा आहे, ती स्पेनच्या दोन आणि मेक्सिको, अर्जेंटिनाच्या एकेक संस्था मिळून चालवतात. तिच्यात वेगवेगळ्या देशांचे उच्चार ऐकवतात, आणि बोलताना तुमची बोली कोणतीही चालते.

आमच्या धंद्यात प्रत्येक भाषेला एक सांकेतिक खूण असते. स्पेनच्या स्पॅनिशला वेगळी, मेक्सिकोची वेगळी, अर्जेंटिनाची वेगळी, आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेसाठी मिळून 'ईएस-४१९'. हा ४१९ संयुक्त राष्ट्रांनी त्या भागाला दिलेला क्रमांक. अशा वीसहून जास्त खुणा आहेत. मराठीला एकच, 'एमआर-आयएन'. एके दिवशी ती यादी बघता बघता माझा हात थांबला. या एका खुणेत आमची आई बसते का?

आईचं 'आलो'

आता घरची गोष्ट.

आमच्या भागात बायका "मी आलो", "मी जातो" असंच म्हणतात. कोल्हापूरकडंही आहे. आमची आई तसंच बोलते, तिची आई तसंच बोलायची. मोठ्या माणसाला "कधी आलात?" नाही, "कधी आलासा?" विचारतात. "काय करतोयस?"च्या जागी "काय करालास?" पोळी म्हटलं की पुरणाची, रोजची ती चपाती. बेळगावात बीई होईपर्यंत हे काही वेगळं आहे हेच मला माहीत नव्हतं.

पुण्यात नोकरीला आलो तेव्हा खोलीवरचे मित्र माझ्याकडून मुद्दाम "काय करालास" वदवून घ्यायचे. वाईट नव्हते ते. पुलंच्या रावसाहेबांमुळं बेळगावची मराठी त्यांना गोडच वाटायची. पण गोड वाटणं वेगळं आणि बरोबर वाटणं वेगळं. सहा महिन्यांत मी बोलणं बदललं. फोनवर आईशी बोलताना खोलीच्या बाहेर जायचो.

गेल्या गणपतीला आम्ही जांबोटीला गेलो. आई देवळातून आली आणि म्हणाली, "आलो बघ मी." माझी लेक सात वर्षांची, पुण्यात वाढलेली. ती म्हणाली, "आज्जी, चुकलं. आलो नाही, आले. तू बाई आहेस ना!" सगळे हसले. आईही हसली. मीही हसलो.

पुण्याला परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं की आई नातीशी फोनवर फार बोलत नाही. आधी अर्धा अर्धा तास चालायचं. आता "बरी आहेस? अभ्यास कर," आणि फोन माझ्याकडं. मी एकदा विचारलं, "आई, पोरीवर रागावलीस काय?" ती म्हणाली, "रागावू कशाला? माझं बोलणं तिला चुकीचं वाटालंय रे. उगं तिची भाषा बिघडाय नको म्हणून गप बसतो."

"गप बसतो." ते वाक्यही तिनं तिच्याच मराठीत सांगितलं.

मला झोप लागली नाही. आमचा खानापूर तालुका १९५६ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून आम्ही मराठी आहोत हे सांगण्यात आमच्या भागातल्या दोन-तीन पिढ्या गेल्या. मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले. आणि ज्या मराठीसाठी हे झालं, तीच बोलायला माझी आई माझ्याच घरात बिचकत होती. लेकीला दोष देऊन उपयोग नव्हता. ब्यूनस आयर्सच्या माणसावर मी नेमकी तीच चिडचिड केली होती, हा पुस्तकातल्यासारखं का बोलत नाही म्हणून. आणि त्याच्याही आधी, मित्रांच्या खोलीबाहेर उभं राहून, आईवर.

दुसऱ्या दिवशी लेकीला 'शो मे शामो'ची गोष्ट सांगितली, बालदीची आणि रताळ्याचीही. ती खूप हसली. मग मी म्हटलं, "आज्जीचं 'आलो' पण तसंच आहे. तिच्या गावात सगळ्या आज्ज्या 'आलो'च म्हणतात." तिनं लगेच विचारलं, "मग मी शाळेत काय लिहू?" प्रश्न रास्त होता. म्हटलं, "शाळेत 'आले' लिही. पण आज्जीला चुकलं म्हणायचं नाही. विचारायचं, तुमच्याकडं याला काय म्हणतात?"

तिनं एक वही केली आहे. रविवारी फोन लावते आणि विचारते. 'इथे'ला काय? 'हितं'. 'पुढे'ला? 'म्होरं'. 'केव्हा'ला? 'कवा'. आई पहिले काही आठवडे "असूदे गं, तुमचंच बरोबर" म्हणत होती. अजूनही कधी कधी मध्येच थांबते आणि पुण्याचा शब्द शोधते. पण मागच्या रविवारी फोन चाळीस मिनिटं चालला, आणि मला बोलायला मिळालाच नाही.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, गावोगावच्या लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून. मोठं काम आहे. पण आपापल्या आईचं बोलणं आपल्याच फोनमध्ये ठेवायला कुठल्या सर्वेक्षणाची वाट बघायची गरज नाही. दहा मिनिटं पुरतात. मी सुरुवात केली आहे.

मंडळाच्या आपल्या या कुटुंबात निपाणी, बेळगाव, खानापूर, चंदगड, कारवार, सगळीकडची माणसं आहेत. तुमच्या घरातला, शाळेत कधी न लिहिलेला एखादा शब्द असेल तर जरूर कळवा. कोण म्हणायचं आणि कधी म्हणायचं, तेही लिहा. पुढच्या अंकात त्यातले काही शब्द देईन. पासवर्डचा राहिलेला भागही तेव्हाच.

येतो मग. कळवा नक्की.